विटा संपल्या, आता?

दोन फाशांची बेरीज आठ येते. आठ आकड्याच्या विटांच्या टेकडीला लागून तिघांच्या वसाहती आहेत. तिघांचेही हात एकदम बँकेकडे जातात आणि मग लक्षात येतं, की बँकेत विटांचे दोनच पत्ते उरलेत. आता काय करायचं? ज्याची पाळी त्याला आधी द्यायचं? ज्याच्या हातात कमी पत्ते आहेत त्याला? की चिठ्ठ्या टाकायच्या?

'कटान' हा खेळ खेळणाऱ्या घरांमध्ये हा वाद कधी ना कधी होतोच. नियमपुस्तकातलं उत्तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही: कोणालाच काही द्यायचं नाही. ते दोन पत्ते बँकेतच पडून राहणार. विटांवर एकट्याचाच हक्क असता, तर मात्र त्याला शिल्लक असेल तेवढं सगळं मिळालं असतं.

निर्दय वाटतो ना हा नियम? पण जरा हिशेब करून बघा. खेळात लाकूड, विटा, लोकर, गहू आणि खनिज असा पाच प्रकारचा माल आहे आणि प्रत्येकाचे पत्ते मोजून 19. बँकेत दोनच विटा उरल्या, याचा अर्थ बाकीच्या 17 विटा टेबलाभोवती बसलेल्यांच्या हातात आहेत. दुष्काळ पडलेला नाही, माल दाबून ठेवलेला आहे. तो कधी सुटेल? कोणीतरी रस्ता बांधेल, वसाहत उभारेल, बंदरातून विटा विकेल तेव्हा, कारण वापरलेले पत्ते परत बँकेत जातात. दोन पत्ते कसे वाटावेत हे नियमाने सांगितलं असतं, तर वाद तिथेच मिटला असता. 'कोणालाच नाही' म्हटल्यामुळे तिघंही एकमेकांच्या हातातल्या पत्त्यांकडे बघायला लागतात.

कटानविषयीचे बहुतेक प्रश्न 'मला अमुक का करता येत नाही?' याच सुरातले असतात. आणि एकेका नियमाच्या मागे जात राहिलं, की दर वेळी त्याच जागी येऊन पोचतो: या बेटावर कोणाचंही एकट्याने भागता कामा नये.

खेळ रचला क्लाउस टॉयबर यांनी. जर्मनीत डार्मश्टाट शहराजवळ राहणारे हे गृहस्थ व्यवसायाने दंततंत्रज्ञ, म्हणजे दातांच्या दवाखान्यांना कृत्रिम दात बनवून देणारे. दिवसभर ते काम आणि फावल्या वेळात खेळांची जुळवाजुळव. समुद्रापारच्या रिकाम्या बेटावर, आइसलँडवर, जाऊन वस्ती करणाऱ्या व्हायकिंगांची कल्पना त्यांच्या डोक्यात घोळत होती. 1995 मध्ये खेळ बाजारात आला, त्याच वर्षी त्याला जर्मनीतला 'श्पील देस यारेस' म्हणजे 'वर्षाचा खेळ' हा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. टॉयबर 2023 मध्ये गेले. पुण्या-मुंबईत आज तिशीतली मंडळी शनिवारी रात्री जमून 'दोन शीप घे, एक ब्रिक दे' म्हणून हुज्जत घालतात, ती त्यांच्याच बेटावर.

बेट म्हणजे षटकोनी तुकड्यांची मांडणी. एकूण 19 तुकडे: चार जंगलांचे, चार कुरणांचे, चार गव्हाच्या शेतांचे, तीन विटांच्या टेकड्यांचे, तीन डोंगरांचे आणि एक वाळवंट. दर डावाला ते नव्याने पिसून मांडायचे. 'मग एकदा खेळलेला नकाशा पुन्हा कधी येईल?' असं एखादं चौकस पोर विचारतं, तेव्हा मोठे हसण्यावारी नेतात. प्रश्न मात्र मोलाचा आहे. हे 19 तुकडे वेगवेगळ्या 24,443 कोटी 21 लाख 88 हजार प्रकारांनी मांडता येतात. पट फिरवून किंवा आरशात बघून सारखे दिसणारे नकाशे एकच धरले, तरी दोन हजार कोटींच्या वर उरतात. आणि यात त्यांच्यावर ठेवायच्या आकड्यांच्या चकत्या अजून धरलेल्याच नाहीत. त्या धरल्या की तुमच्या टेबलावर आज मांडलेलं बेट याआधी कोणीही मांडलेलं नसणार, हे बिनधास्त समजावं.

आता त्या तुकड्यांच्या संख्या पुन्हा बघा. जंगलं चार, विटांच्या टेकड्या तीन. रस्त्याला लागतं एक लाकूड आणि एक वीट. वसाहतीला लागतं एक लाकूड, एक वीट, एक लोकर, एक गहू. म्हणजे बांधकामात लाकूड आणि वीट नेहमी जोडीनेच खर्च होतात, एकास एक, कधीच कमीजास्त नाही. तरी जमीन मात्र चारास तीन! 'आमच्यात विटांची नेहमी मारामार का?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर खोक्याच्या आतच छापून आलेलं असतं. लाकूडवाल्याकडे लाकूड साठणार आणि त्याला वीटवाल्याच्या दारात जावंच लागणार.

लोकरीचं उलट. कुरणं चार, पण लोकर लागते वसाहतीला एक आणि विकासपत्त्याला एक. रस्त्याला नाही, नगराला नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर एक जण मेंढ्यांचा ढीग घेऊन गिऱ्हाईक शोधत असतो. खनिजाची आणखी वेगळी तऱ्हा. सुरुवातीला त्याला कुत्रं विचारत नाही, कारण रस्ता-वसाहतीत ते लागतच नाही. मध्यावर वसाहतींची नगरं करायची वेळ येते, एका नगराला तीन खनिज आणि दोन गहू मोजावे लागतात, आणि डोंगराशेजारी बसलेला शांत माणूस अचानक सावकार होतो. गहू तर चारपैकी तीन गोष्टींना हवा. नवख्याला मी एकच सल्ला देते: बाकी काही कळलं नाही तरी गव्हाशेजारी बसा.

फाशांकडे वळू. दर पाळीला दोन फासे टाकायचे, बेरजेचा आकडा ज्या तुकड्यांवर असेल तिथे माल पिकतो. दोन फाशांच्या जोड्या 36. त्यांतून दोन किंवा बारा येण्याची वाट एकेकच, सहा आणि आठ येण्याच्या वाटा पाच-पाच, सात येण्याच्या सहा. चकत्यांवर आकड्याखाली बारीक ठिपके असतात, ते याच वाटांची मोजदाद करतात. सगळे ठिपके मिळून 58 भरतात. त्यांतले 20 फक्त चार चकत्यांवर, दोन सहा आणि दोन आठांवर. बेटाची एक तृतीयांशाहून जास्त कमाई अठरांपैकी चार तुकड्यांवर एकवटलेली आहे. त्यामुळे चकत्या हव्या तशा टाकायच्या असतील, तर नियमपुस्तक एक अट घालतं: लाल आकडे, म्हणजे सहा आणि आठ, शेजारीशेजारी येऊ द्यायचे नाहीत. नाहीतर एकाच कोपऱ्यात कुबेर आणि बाकी सगळीकडे कोरडवाहू!

'मी आठवर बसलोय आणि आठ येतच नाही, फासे खराब आहेत का?' हा प्रश्न दर डावाला कोणीतरी विचारतोच, आणि बहुधा हरणारा. फासे 72 वेळा टाकले, तर आठ सरासरीने 10 वेळा यायला हवा. पण 'सरासरीने' या शब्दाच्या पोटात बरीच जागा असते. एका डावात तो सात वेळा आला, दुसऱ्यात तेरा वेळा आला, तर ते अगदी नेहमीचं; फाशांचा त्यात काही दोष नाही. एका संध्याकाळीत सरासरी गाठायला दान पुरेशा वेळा पडतच नाही.

सातचा आकडा मात्र कोणत्याच चकतीवर नाही. सात आला की काही पिकत नाही, उलट ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याने निम्मे बँकेत टाकायचे. आठ असतील तर चार. नऊ असतील तरी चारच, कारण अर्धा पत्ता सोडून द्यायचा. फासे टाकणाऱ्यालाही सूट नाही. हातात बरोबर सात असतील तर मात्र धक्का लागत नाही, आणि विकासपत्ते या मोजणीत धरत नाहीत. मग फासे टाकणारा दरोडेखोराची सोंगटी दुसऱ्या तुकड्यावर नेतो. ती आहे तिथेच ठेवता येत नाही, हलवावीच लागते. परत वाळवंटात धाडली तरी चालतं. ती जिथे बसेल तिथलं पीक बंद, आणि त्या तुकड्याला लागून असलेल्या एकाच्या हातातून न बघता एक पत्ता ओढायचा.

आता खरा प्रश्न: 'माझ्याकडे आठ पत्ते आहेत आणि पाळी संपतेय. साठवून ठेवू का उडवून टाकू?'

चौघं खेळत असतील, तर तुम्हाला पुन्हा माल खर्च करता येईपर्यंत फासे चार वेळा पडणार: तिघांचे तीन आणि तुमच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीचा एक. सात यायची शक्यता दर वेळी सहात एक. हे सहात एक कसं निघतं तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या फाशावर काहीही येवो, एक येवो की सहा, दुसऱ्या फाशाची बरोबर एकच बाजू अशी असते, की बेरीज सात होईल. दुसऱ्या कुठल्याच बेरजेला हे जमत नाही. पहिल्या फाशावर एक आला की आठाची वाट बंद, सहा आला की पाचाची वाट बंद. साताची वाट कधीच बंद होत नाही. तर चार वेळांत एकदाही सात न येण्याची शक्यता 1296 पैकी 625. निदान एकदा तरी येण्याची 1296 पैकी 671, म्हणजे जवळजवळ 52 टक्के. साठवणं हा निम्म्याहून किंचित वाईट जुगार आहे.

हा 671 चा आकडा कागदावर मांडला, की फ्रान्समधल्या सतराव्या शतकातल्या जुगाराच्या बैठकी आठवतात. शेवालिए द मेरे नावाच्या फ्रेंच सरदाराला एक पैज ठाऊक होती: एकच फासा चार वेळा टाकायचा, निदान एकदा तरी सहा पडेल. ही पैज लावणारा हळूहळू जिंकत जातो. तिच्याच जातीची दुसरी पैज, दोन फासे 24 वेळा टाकून जोड-सहा पाडण्याची, मात्र तोट्यात का जाते, हे कोडं द मेरेने ब्लेझ पास्कलपुढे ठेवलं. 1654 मध्ये पास्कल आणि प्येर द फर्मा यांच्यात जी पत्रं गेली-आली, त्यांत हे कोडं आलं, आणि त्या पत्रांना संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात मानतात. द मेरेच्या पहिल्या पैजेची शक्यता किती? 1296 पैकी 671. तीच! एका फाशावर सहा पडणं आणि दोन फाशांवर सात पडणं, दोन्ही सहात एक. वेळा दोन्हीकडे चार. हातात आठ पत्ते धरून 'बघू या, नाही येणार सात' म्हणणारा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पैजेची हरणारी बाजू घेऊन बसलेला असतो. मला तरी कटानमधली ही सर्वांत सुंदर जागा वाटते, आणि ती नियमपुस्तकात कुठेही लिहिलेली नाही.

पण दंड सातच्या वर पत्ते साठल्यावरच का? कारण साठवणाऱ्याला बोलतं करायचं आहे. सात-आठ पत्ते झालेला माणूस सौदा मोडत नाही, दोन मेंढ्या देऊन एक वीट घ्यायलाही तयार होतो.

सौद्यांवरून वाद सर्वांत जास्त. 'तुमची पाळी नसताना आम्ही दोघं आपसात अदलाबदल करू का?' नाही. ज्याची पाळी त्याच्याशीच सौदा करायचा. यामुळे प्रत्येक जण आळीपाळीने बाजारपेठेच्या मधोमध येतो, आणि कितीही मागे पडलेला असला तरी त्या पाळीपुरता त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. 'मी माझ्या बहिणीला एक गहू असाच दिला तर?' तेही नाही. फुकट द्यायची मुभा असती, तर दोघांनी संगनमत करून तिसऱ्याचा बाजार उठवला असता. तीन लोकरी देऊन एक लोकर घेणं यासाठीच बंद आहे. ते दानच, सौद्याचे कपडे घालून आलेलं. बँकेशी मात्र आपल्या पाळीत व्यवहार करा, चार सारखे पत्ते द्या, एक घ्या. किनाऱ्यावर नऊ बंदरं आहेत. त्यांतल्या चारांवर कोणत्याही मालाला तीनास एक असा भाव, उरलेल्या पाचांवर एकेका ठरावीक मालाला दोनास एक. बंदर नसलेल्याला बँक चार मागते आणि शेजारी एक-दोनात मानतो. ही तफावत मुद्दाम ठेवलेली आहे. शेजाऱ्याशी भांडण झालं तरी चालेल, पण अबोला परवडत नाही.

आपल्याकडच्या 'व्यापार'मध्ये दिवाळं निघालेला भाऊ तासभर आधीच उठून जातो आणि उरलेले दोघं कंटाळत डाव ओढतात. कटानमध्ये कोणी बादच होत नाही. बांधलेली वसाहत मोडता येत नाही, काढून घेता येत नाही.

जागेचं मात्र तसं नाही. 'इथे मोकळी जागा दिसतेय, मग मला बांधता का येत नाही?' नवख्याचा हा हमखास प्रश्न. वसाहती तुकड्यांच्या कोपऱ्यांवर, तिकटींवर बसतात. नियम असा, की लगतच्या तिकटीवर कोणाचंही, अगदी तुमचं स्वतःचंही, घर असता कामा नये. एक घर बसलं, की ती तिकटी आणि शेजारच्या तीनपर्यंत तिकटी बाद. पटावर तिकटी 54. चौघांनी सुरुवातीची दोन-दोन घरं ठेवली, की त्यांतल्या 32 पर्यंत जागा एकही फासा न टाकता संपलेल्या असू शकतात! म्हणून सुरुवातीचा क्रमही जपून ठरवलेला: पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एकेक घर, मग चौथ्यापासून उलट पहिल्यापर्यंत. शेवटच्याला उरलेलं उचलावं लागतं, पण त्याला दोन घरं लागोपाठ, एकमेकांचा विचार करून ठेवता येतात.

याच नियमातून एक विलक्षण गोष्ट निघते. पटावरच्या 54 तिकटींच्या शेजारी-शेजारी अशा 27 जोड्या लावता येतात. प्रत्येक जोडीत जास्तीत जास्त एक घर बसणार, कारण दोन्ही लगतच्या. म्हणजे कितीही अक्कल लढवली तरी बेटावर 27 पेक्षा जास्त घरं मावणारच नाहीत. आणि खोक्यात? प्रत्येकाला पाच वसाहती आणि चार नगरं, म्हणजे नऊ. चौघांची मिळून 36. सगळ्यांच्या सगळ्या सोंगट्या एकाच वेळी पटावर येणं भूमितीलाच मान्य नाही. कोणाच्या तरी नशिबी हात चोळणं आहे, हे डाव मांडायच्या आधीच ठरलेलं आहे. पाचही वसाहती लावून बसलेल्याने पुढे काय करावं, याचं उत्तरही सोंगट्यांतच आहे: पाच वसाहतींचे गुण पाचच होतात आणि जिंकायला दहा हवेत, तेव्हा एकीचं नगर करावं. नगराचे दोन गुण मिळतात आणि वसाहतीची सोंगटी मोकळी होऊन हातात परत येते.

विकासपत्त्यांचे प्रश्न थोडक्यात. गठ्ठा 25 पत्त्यांचा, त्यांत 14 सरदार. विकत घेतला त्याच पाळीत पत्ता खेळता येत नाही, आणि एका पाळीत एकच खेळायचा. या एका फेरीच्या थांब्यामुळे पालथा पत्ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून राहतो आणि प्रत्येकाला तो आपल्याच विरुद्ध आहे असं वाटतं. पण खेळायची वेळ आली की तो फासे टाकायच्या आधीही खेळता येतो. दरोडेखोर तुमच्या गव्हावर बसला असेल, तर आधी सरदार काढून त्याला हुसकावा, मग फासे टाका. आणि मक्तेदारीचा पत्ता? तो खेळला की एका मालाचे सगळ्यांकडचे सगळे पत्ते तुमच्याकडे येतात. आधी सगळी लोकर विकून टाकायची, बदल्यात विटा-गहू घ्यायचे आणि मग मक्तेदारी काढून तीच लोकर परत ओढायची, हे चालतं का? नियमाने चालतं. त्यानंतर त्या टेबलावर पुन्हा कोणी तुम्हाला काही विकेल का, हे नियमपुस्तक सांगत नाही.

राहिला सर्वांत लांब रस्ता. निदान पाच तुकड्यांचा सलग रस्ता ज्याचा सर्वांत लांब, त्याला दोन गुण. फाटे फुटले असतील तर एकच धार मोजायची. वळसा घालून त्याच तिकटीवर परत आलात तरी हरकत नाही, फक्त एकच तुकडा दोनदा मोजायचा नाही. तुमची स्वतःची घरं रस्ता तोडत नाहीत, दुसऱ्याचं घर तोडतं. आणि इथेच दूरवर बसलेल्या माणसाला अनपेक्षित लॉटरी लागू शकते. समजा, अंजलीचा रस्ता आठ तुकड्यांचा आहे, भास्करचा सहा. चंदू अंजलीच्या रस्त्याच्या मधोमध, मोकळ्या राहिलेल्या तिकटीवर वसाहत ठोकतो. अंजलीचा रस्ता चार-चार तुकड्यांत तुटतो आणि दोन गुण काही न करता भास्करकडे जातात. भास्करचे आधी आठ होते, आता दहा झाले. तो ओरडतो, 'जिंकलो!'

नाही जिंकला. कटानमध्ये फक्त स्वतःच्या पाळीत जिंकता येतं. पाळी चंदूची आहे आणि चंदूच्या हातात अजून पत्ते आहेत. मग आणखी कोणाची पाळी मध्ये असेल तर तीही जाणार, आणि या वेळात भास्करचा रस्ताही कोणी तोडू शकतं. त्याची पाळी येईपर्यंत दहा टिकले, तर पाळी सुरू होताच डाव त्याचा. तोवर त्याला बाकीच्या तिघांची मनधरणी करत बसावं लागणार, आणि त्या तिघांना एव्हाना आपसात बोलायला विषय मिळालेला असतो.